रिकामा खटका

वडील वारल्यावर हस्तीमलने त्यांची बावीस बोअरची रायफल किंमत ठरवायला धुळ्याच्या गनी मिस्त्रीपुढे ठेवली. ती खांद्यावर टाकून वडील रोज गावापासून लांब, सोनगीरच्या मळ्यात हरणं हाकायला जात. शेटजींचा नेम चुकत नाही, असं गाव म्हणे. जैनाच्या घरात हे! दर संवत्सरीला, जैनांच्या क्षमा मागायच्या दिवशी, हस्तीमल वडिलांच्या वतीने मेलेल्या हरणांची क्षमा मागायचा. मिस्त्रीने नळीतून उजेडाकडे पाहिलं. “भाऊ, नळी कोरी. हिच्यातून गोळी सुटलेलीच नाही. पण काडतूस बसतं तिथल्या काठावर खड्डा बघा. रिकामीच चालवली, की पिन इथे आपटते. हजारदा आपटलीय. शेटजींनी नुसत्या खटक्यावर हरणं हाकलली! किंमत मात्र निम्मी.” किंमत पडली तरी हस्तीमलचा चेहरा फुलला. त्याने रायफल परत कापडात गुंडाळली. “विकत नाही?” मिस्त्रीने विचारलं. “संवत्सरीनंतर बघू. यंदा ही समोर ठेवून क्षमा वडिलांची मागायचीय.”