वगळलेला धडा

“सर, बॅटरीवरच्या स्कूटरचा धडा शिकवलात, तेव्हा मी गैरहजर होते का?”

आयटीआयमध्ये पहिली आलेली वृषाली विचारत होती. तसली स्कूटर खोलता आली नाही म्हणून गॅरेजवाल्याने तिला कामाच्या दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलं होतं.

ढोबळे सरांचा चेहरा उतरला. तो धडा त्यांना स्वतःलाच कळला नव्हता. कुणाला विचारायचं तर कमीपणा वाटे, म्हणून तीन वर्षं ते “परीक्षेला येत नाही” म्हणत तो वगळत आले होते.

“नाही गं, तू रोज होतीस. मलाच येत नव्हतं.”

ती चिडली असती तरी त्यांना बरं वाटलं असतं.

सर तिला घेऊन तसेच गॅरेजवर गेले. “चूक माझी आहे,” ते मालकाला म्हणाले. “हिला ठेवून घ्या, आणि मलाही शिकवा.”