थावली
नव्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचा अकरावा टेक चालला होता आणि शाळेची पोरं एकमेकांच्या खांद्यावर पेंगत होती. गेल्या वर्षी पुढचे दात पडलेल्या चिमीने ‘सावली’ऐवजी ‘थावली’ म्हटलं, आणि शाळेचं साधं समूहगीत देशभर पहिल्या नंबरावर जाऊन बसलं. आता लोकांना पुन्हा ‘थावली’च हवी होती. चिमीने जिभेची ओढाताण केली, तरी ‘सावली’ स्वच्छच उमटली. काचेपलीकडून कंपनीचे साहेब वैतागले, “बाई, बोबडं बोलायला शिकवा की हिला!” “चिमे, पाड ना ते दात!” मागून कुणीतरी जांभई देत म्हणालं. जन्मभर शुद्ध उच्चार घोटून घेणाऱ्या संगीताच्या बाईंनी पेटीवर पुन्हा सूर धरला. चिमी जवळ आली, नव्या करवती दातांवर बोट ठेवून कुजबुजली, “बाई, हे पाडले तर सगळे घरी जाऊ?” बाईंनी पेटीचा भाता मिटला. “चला रे पोरांनो, सावली लांबली.”