पावडरीवरचे डाग

"वहिनी, तुमचा स्विंगच बिघडलाय. गोल्फ संघाचं पुढच्या वर्षी बघू," कर्णधार कर्णिकांनी मृदू आवाजात निकाल दिला. त्या क्लबात स्त्रियांचे दोष नेहमी मृदू आवाजातच सांगितले जात.

उत्तराताईंनी वाद घातला नाही. आयर्नच्या, म्हणजे गोल्फच्या लोखंडी काठीच्या, पात्यावर टाल्कम पावडर थापून त्यांनी चेंडूमागून चेंडू मारले. प्रत्येक फटक्याचा डाग मध्यापासून दूर, दांड्याला खेटून, एकाच जागी उमटला.

"स्विंग बिघडला असता, तर डाग भटकले असते, कर्णिक. दांडाच मला लांब पडतो."

दांडा उत्तराताईंच्या सहा फुटी यजमानांचा होता. नवऱ्याचा जुना सेट बायकोने निमूटपणे चालवून घ्यावा, ही त्या सुसंस्कृत संस्थेची रीत.

"मग काय, कापणार?" कर्णिक हसले.

"उद्याच. तूर्त मूठ खाली घेते."

पात्यावर पुन्हा पावडर लावून त्यांनी मूठ दोन बोटं खाली सरकवली. खणखणीत आवाज झाला आणि चेंडू झेंड्यापाशी जाऊन विसावला. या वेळी डाग पात्याच्या नेमक्या मध्यावर होता.

कर्णिकांनी तो बराच वेळ न्याहाळला. "रविवारी संघाबरोबर या," ते अखेर पुटपुटले.

"अहो," हे सारं मागे उभी राहून पाहणारी त्यांची पत्नी म्हणाली, "माझेही दांडे कापून आणा. आणि स्वतः जाऊन आणा."