पेटीतला वेग

“ही गाडीतून सोडवली कुणी?” मेकॅनिकने पेटी हातात फिरवत विचारलं. “वायरी दातांनी तोडल्यासारख्या दिसतायत.”

“भंगारवाल्याने,” म्हातारा म्हणाला. “गाडी त्याच्याकडे गेली होती. मला एवढंच हवं होतं.”

तळहाताएवढी काळी पेटी. एका कोपऱ्याला तडा गेला होता. जबर वेगाच्या मोटरसायकलचा सगळा कारभार अशा पेटीतून चालतो. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची आणि वेग कुठे अडवायचा. हा अडसर कारखान्यातच घालून देतात, त्याला लिमिटर म्हणतात. मग मूठ कितीही पिळा, ठरलेल्या आकड्यापुढे गाडी जात नाही.

“यातून दोन गोष्टी कळतात असं ऐकलं,” म्हातारा म्हणाला. “लिमिटर काढला होता का, आणि शेवटी वेग किती होता.”

“कळतात. पेटी जिवंत असली तर.”

“बघा जरा. वेगात होता, वेगात होता, असं जो तो म्हणतो. पोलिसही तेच म्हणाले आणि फाइल मिटवून मोकळे झाले. मोजलं मात्र कुणीच नाही.”

मेकॅनिकने स्टूल पुढे सरकवलं. “बसा काका. कुठे झालं?”

“शहराबाहेरच्या सरळ रस्त्यावर. पेट्रोल पंपापाशी. कारवर आदळला.”

“किती वर्षं चालवत होता?”

“माहीत नाही.”

मेकॅनिकला त्याचं नवल वाटलं नाही. घरच्यांना यातलं काहीच माहीत नसतं. लिमिटर काढून द्या म्हणून कितीतरी पोरं त्याच्याकडे येत. आल्या आल्या पहिलं वाक्य, घरी कळू देऊ नका. तो हाकलून देई. मग ती दुसरीकडे जाऊन काढून घेत.

स्पेअर पार्टचं काउंटर सांभाळणारी त्याची बायको पाण्याचा ग्लास घेऊन आली.

“उन्हातून चालत आलात काका?”

“हो. हल्ली गाडी चालवत नाही.”

“बरं करता. आमच्या ह्यांना चालायचं म्हटलं की पोटात दुखतं. कोपऱ्यावरून दूध आणायचं तरी किक मारतात.”

म्हातारा हसला नाही. ग्लास तसाच धरून बसला.

“जेवलात का?”

“घास उतरत नाही. त्याच्या आईसमोर उभं राहवत नाही. आधी आकडा कळू दे, मग तिच्याशी काय ते बोलेन.”

मेकॅनिकने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “तुमच्या मुलाचं जे असेल ते सगळं बघतो.”

“तो माझा...” म्हाताऱ्याने वाक्य अर्धंच सोडलं. पाण्याचा एक घोट घेऊन तो म्हणाला, “खरं तेच सांगा. बरं वाटावं म्हणून काही बोलू नका.”

मेकॅनिक आतल्या खोलीत गेला. पेटी लॅपटॉपला जोडली. बराच वेळ काहीच आलं नाही. मग पडदा उजळला.

लिमिटर काढलेला होता. शेवटचा वेग दोनशे सव्वीस. त्या रस्त्यावर पाटी साठची होती.

बायकोने त्याच्या पाठीमागून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

“सांगू नका हो त्यांना.”

“खरं सांगा म्हणतायत.”

“मागे मुलाची पेटी घेऊन आलेल्या त्या बाईंनाही खरंच हवं होतं. दिलात आकडा. अजून फोन करतात बिचाऱ्या. इतक्या वेगात त्याला माझी आठवण आली असेल का हो, म्हणतात. आहे उत्तर तुमच्याकडे?”



“आणि उद्या हे दुसऱ्या कुणाकडे पेटी घेऊन गेले तर?” त्याने विचारलं.

“मग तिच्यात काही ठेवूच नका.”

मेकॅनिकने लॅपटॉप पुढे ओढला. मग त्याने जुनी नोंद पुसून टाकली आणि कारखान्याची मूळ सेटिंग पुन्हा भरली. जी गाडी आता कधीच धावणार नव्हती, तिच्या वेगाला परत लगाम बसला. पुसलेलं आता खुद्द कारखान्यालाही परत आणता आलं नसतं.

बाहेर येऊन तो म्हाताऱ्यासमोर उकिडवा बसला.

“काका, लिमिटर जागच्या जागी आहे. कुणी हातसुद्धा लावलेला नाही.”

म्हाताऱ्याने डोळे मिटले. “आणि वेग?”

“चाळीस. फार तर पंचेचाळीस. एवढ्या ताकदीची गाडी, पण पोरगा सायकल चालवावी तशी चालवत होता. त्याची काडीची चूक नव्हती. लोक काहीही बोलोत.”

“नक्की?”

“अगदी नक्की.”

“पेटी चुकत नाही ना?”

“माणूस चुकेल काका. पेटी नाही.”

बायकोने तोंड फिरवून डोळे पुसले. रस्त्यावरून एक ट्रक खडखडत गेला. म्हातारा स्टुलावरून उठू लागला. मेकॅनिकने आधार द्यायला हात पुढे केला. त्याने तो धरला नाही.

“त्याच्या आईकडे जातो आता,” तो म्हणाला. “तिचे पाय धरायला हवेत.”

“कशासाठी काका? सांगितलं ना, त्याची काहीच चूक नव्हती.”

“तेच तर. एवढ्या सावकाश येत होता, म्हणजे तो मला दिसायला हवा होता.” म्हातारा स्वतःच्या हातांकडे बघत होता. “पंपातून कार बाहेर काढताना मी दोन्हीकडे पाहिलं होतं हो.”