नको असलेला परीक्षक

“शेवटचा रकाना रिकामा आहे,” अर्जवैद्य म्हणाले.

ते शिकवत इतिहास. पण भौतिकशास्त्र असो की भाषाशास्त्र, संशोधन निधीचा अर्ज त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय संस्थेबाहेर पडत नसे. समोर शेवाळबाई बसल्या होत्या. बसल्या कसल्या, खुर्चीच्या कडेला टेकल्या होत्या. शेवाळावर बारा वर्षं काम, दोनदा अर्ज, दोनदा नकार. तिसऱ्यांदा नकार आला की प्रयोगशाळेला कुलूप आणि हाताखालच्या दोघींना घरची वाट.

आपला अर्ज ज्या परीक्षकाने तपासू नये असं वाटतं, त्याचं नाव त्या रकान्यात द्यायचं होतं.

“सरांचं घालते,” बाई म्हणाल्या.

सर म्हणजे त्यांचे पीएचडीचे मार्गदर्शक. नऊ वर्षांपूर्वी बाईंनी भर परिषदेत त्यांची चूक दाखवली. तेव्हापासून बोलणं बंद.

“परीक्षकांची नावं गुप्त असतात, कुणी किती गुण दिले तेही. मागच्या वेळी ते परीक्षक होते हे कशावरून?”

बाईंनी पिशवीतून मागचे अभिप्राय काढले. दोघा परीक्षकांनी चार ओळींत ‘ठीक’ म्हणून हात झटकले होते. तिसऱ्याने दोन्ही वेळा चार-चार पानं भरून चुका काढल्या होत्या.

“जिथे तिथे ‘हे कशावरून?’ माझ्या प्रबंधावर सरांनी हेच लिहिलं होतं.”

“आत्ता मीही तेच विचारलं.”

“तुम्ही एकदा विचारलंत. इथे एकोणतीस वेळा आहे. मोजलंय मी.”

अर्जवैद्यांनी चष्मा वर सरकवला. “चार पानं लिहायला वेळ लागतो, बाई.”

“राग असला की वेळ मिळतो.”

“आणि या चुका?”

“सगळ्या दुरुस्त केल्या. खऱ्याच होत्या, म्हणून तर जास्त डोकं फिरलं.”

“मग भरा नाव. रकाना त्यासाठीच असतो.”

बाईंनी नाव भरलं, अर्ज धाडला. पुढचे दोन महिने त्यांचा पाय एका जागी ठरेना. शेवाळाच्या काचेच्या पेट्यांमधून येरझारा, दर तासाला टपालाची चौकशी. हाताखालची थोरली म्हणाली, “बाई, जरा बसा. तुम्हाला बघून शेवाळसुद्धा चालायला लागेल.” धाकटी हसली नाही. तिने दुसरीकडे नोकरी शोधायला सुरुवात केली होती.

मंगळवारी दुपारी पत्र आलं. अर्ज दोन गुणांनी हुकला होता.

बाई दोन जिने उतरून इतिहास विभागात गेल्या आणि पत्र टेबलावर ठेवलं.

“सर नव्हते, तरी नकार. म्हणजे खोट माझ्यातच.”

अर्जवैद्यांनी पत्र वाचलं. पान उलटलं, मागची बारीक अक्षरातली टीप वाचली. मग एका ओळीखाली बोट ठेवून पत्र बाईंकडे फिरवलं.

‘मागील फेऱ्यांतील गुणही बेरजेत धरले जातात; मात्र आपल्या विनंतीनुसार तिसऱ्या परीक्षकांना वगळले असल्याने, त्यांनी मागील दोन्ही फेऱ्यांत आपल्याला दिलेले दहापैकी दहा गुण यंदाच्या बेरजेत धरलेले नाहीत.’