तीन स्पेस

कोडच्या दोन्ही फायलींत आतली प्रत्येक ओळ तीन स्पेस सोडून सुरू होत होती. स्वप्नाने शिकवल्या होत्या चार. टॅबची कळ दाबली की चारच पडतात. तीन हव्या असतील तर दर ओळीला बोटाने मोजून पाडाव्या लागतात.

हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता.

"मॅडम, आज फैसला करायचा," लक्ष्मीकांत सर म्हणाले. तेलीबागेतली ही कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट त्यांची. तीन पिढ्या लखनऊत गेल्यामुळे त्यांचं मराठी अर्धं हिंदीत चालायचं. "पाच वाजता लिस्ट भेजनी है. आठ दिवस झाले, तुमचं आपलं 'बघते सर, बघते सर'."

अमौसीला विमानतळाचं काम करणारी एक कंपनी होती. ज्यांचे दहाही असाइनमेंट पूर्ण, त्यांना ती थेट मुलाखतीला बोलावणार होती. नक्कल सापडली तर नाव कट, हे सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

सातवा असाइनमेंट तसा सोपा. पाण्याच्या टाकीचा क्लास, म्हणजे तिचा कोडमधला आराखडा, लिहायचा: तिच्यात किती मावतं, आत्ता किती आहे, पाणी सोडलं की काय होतं. तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने दोन क्लास सारखे म्हणून लाल केले. एक नागसेन गजभियेचा, दुसरा मेश्रामांचा. आतली नावं वेगळी, सांगाडा एक. फरक एवढाच, की भरल्यावर मेश्रामांची टाकी 'टाकी पूर्ण' असं छापायची आणि नागसेनची छापायची, 'बंद करो, मम्मी चिल्लाएगी'.

"एक विचारू?" सर पुढे झुकले. "हा नागसेन तुमच्या रिश्त्यातला नाही ना? तुम्ही सगळे नागपूरकडचे."

"नाही सर."

"अच्छा है. स्टाफच्या घरचा माणूस बॅचमध्ये नको, हा माझ्या वडिलांपासूनचा नियम."

नागसेन आत आला. एकोणीस वर्षांचा. वडील सरकारी दफ्तरात, घर सरोजिनी नगरला. मराठी सगळं कळायचं, उत्तरं मात्र हिंदीत.

"बैठ. टाकीच्या पहिल्या पाच ओळी लिहून दाखव."

त्याने विचार न करता लिहायला घेतलं. ओळ संपली की अंगठा स्पेसबारवर तीनदा पडे. टक, टक, टक.

"टॅब का नाही दाबत?" स्वप्नाने विचारलं.

"घर पे पापा का पुराना लैपटॉप है, मैम. टैब टूटा हुआ है. आदत पड़ गई."

सरांचं लक्ष घड्याळाकडे होतं. "लिहिता तर येतं रे तुला. मग मेश्रामसाहेबांचा का उचललास? त्यांचा पोर्टलवर बारा तारखेचा आहे. तुझा तेराचा."

"सर, मैंने दस को ही भेजा था. पानी माइनस में जा रहा था, इसलिए मैम ने लौटाया. ठीक करके तेरह को फिर भेजा. दोबारा भेजो तो पहले वाला मिट जाता है."

"मॅडम, लौटाया था?"

स्वप्नाने समोरचा कागद सरळ केला. तो सरळच होता.

"नोंदी बघून सांगते."

"मैम?" नागसेन म्हणाला. एवढंच म्हणाला, आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

मेश्राम आले. वीस वर्षं हवाई दलात काढून सार्जंट म्हणून निवृत्त झालेले. दोन वर्षं अर्ज करकरून दमले, आणि आता निम्म्या वयाच्या पोरांमध्ये शेवटच्या बाकावर बसत होते. रोज तासाला ते स्वप्नानंतर मोजून दहा मिनिटांनी यायचे. शर्टाचं वरचं बटण एका दोऱ्यावर लोंबत होतं. स्वप्नाने नजर वळवली. लावायचं राहूनच गेलं होतं.

"मेश्रामसाहेब, माफ करा हां, फक्त फॉर्मॅलिटी," सरांनी पडदा त्यांच्याकडे फिरवला. "हा क्लास तुमचाच ना?"

मेश्राम वाचत राहिले. पहिल्यांदाच पाहत असावेत तसे, ओळीवर बोट ठेवून. मग त्यांनी बोट काढलं आणि स्वप्नाकडे पाहिलं.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली.

"माझ्या नावावर आहे ना, मॅडम? मग माझाच."

"म्हणजे लिहिलात तुम्हीच?"

"सर, नाव कापायचं तर माझं कापा. पोराचं नको."

"देखा!" सरांनी टेबलावर थाप मारली. "इसको कहते हैं फौजी. चोरी झाली याच्या घरी, आणि हाच चोराची जमानत घेतोय. शीक जरा, नागसेन."

नागसेनचे डोळे भरले होते. पुसायला हात वर गेला नाही.

सरांनी यादी पुढे ओढली, पट्टी ठेवली, लाल पेनचं टोपण काढलं. पट्टीखाली नागसेनचं नाव होतं.

"पोर्टल झूठ नहीं बोलता. बरोबर ना, मॅडम?"

"राहू दे," मेश्राम हलकेच म्हणाले. कोणाला, ते सरांना कळलं नाही.

स्वप्नाने पट्टीवर हात ठेवला.

"थांबा, सर. नागसेनने दहा तारखेलाच दिला होता. तो परत पाठवायच्या आधी मी उतरवून घेतला, पाण्याची चूक सुधारली, आतली नावं बदलली, मम्मीची ओळ काढली, आणि बाराला यांच्या नावावर टाकला. यांना आत्ता कळतंय." तिने एकदा त्या बटणाकडे पाहिलं. "हे माझे मिस्टर आहेत."