डाव्या गालावरचा तडा

जर्मनीत, थुरिंगियातल्या बाहुल्यांच्या बाजारात गेर्लिंडेला सातवी बाहुली दिसली, पण ती नेमकी ओटिलीच्या हातात. दोघींचं वीस वर्षांचं वैर. रानात वाट चुकलेल्या सात बहिणींच्या गोष्टीवरून जुन्या कारागिरांनी घडवलेल्या त्या बिस्कच्या, म्हणजे बिनचकाकीच्या चिनी मातीच्या बाहुल्या. त्यातल्या सहा गेर्लिंडेच्या कपाटात होत्या.

“आण इकडे, दिवा घालून बघते,” म्हणत गेर्लिंडेनं बाहुलीचा केसांचा टोप उचलला आणि पोकळ डोक्यात छोटा दिवा सोडला. चेहरा आतून उजळला. तडा कुठंच नव्हता. तरी ती ओरडली,

“अगंबाई! डावा गाल गेलाय हिचा. डोळ्यापासून ओठापर्यंत.”

गेर्लिंडेची नजर चुकत नाही, हे ओटिलीला ठाऊक होतं. “मग घे तूच,” ती फणकारली. “फुटकं तोंड तुलाच शोभतं!”

घरी येऊन गेर्लिंडेनं हसत हसत पुन्हा दिवा लावला. डाव्या गालावर केसाएवढी काळी रेघ होती, डोळ्यापासून ओठापर्यंत. तडा खरा असला की नख अडकतं. तिनं नख फिरवलं. अडकलं.

तिनं कपाटातली पहिली बाहुली तपासली. तीच रेघ. मग दुसरी, तिसरी. सहावीपर्यंत सगळ्यांच्या गालावर तीच.

खिडकीतून दुपारचं ऊन तोंडावर येत होतं. डावा गाल हुळहुळला. माशी असेल म्हणून तिनं हात वर नेला. माशी नव्हती. मग सवयीनं तिनं डोळ्याखालून ओठाकडे हळूच नख ओढलं.

मधेच ते अडकलं.